दसऱ्याला पुजलेली डिस्क

राज्य नवं झालं की सगळ्यात आधी पाट्या नव्या होतात. रायपूर राजधानी झालं तेव्हा बाबांच्या कार्यालयावर ‘राज्यस्तरीय’ अशी पाटी चढली. आत बाबांची खुर्ची तीच राहिली आणि तिच्या एका पायाखाली घडी घालून सरकवलेला पुठ्ठाही तोच. शंकर नगरच्या रस्त्यांवरून लाल दिव्याच्या गाड्या धावू लागल्या. आमच्या ब्राह्मणपाऱ्यातली गल्ली मात्र इतकी अरुंद होती की लाल दिव्याला तोंडाशीच थांबावं लागलं असतं आणि मंत्र्याला पुढे पायी यावं लागलं असतं. त्यामुळे मंत्री येत नसत आणि आमचं बरं चाललं होतं. त्याच दिवसांत बाबांनी एका संध्याकाळी सायकलरिक्षातून तीन संगणक घरी आणले. कुठल्याशा कार्यालयाने कालबाह्य ठरवून लिलावात काढलेले. आई दारात उभी राहून म्हणाली, "तीन तीन टीव्ही काहून आणले?"

"टीव्ही नाही, कंप्यूटर आहे."

"चालते का?"

"चालत असते तर सरकारनं विकले असते का?" बाबा म्हणाले, आणि मला हाक मारली. "मिनू, पाह्य तुले काही जमते का."

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि मला काहीच जमत नव्हतं. पण तीन मेलेल्यांतून एक जिवंत करायचा हा उद्योग मला इतका आवडला की त्या पावसाळ्यात मी दुसरं फारसं काही केलं नाही. एका डब्यात पालीची अंडी निघाली, एकात कुणीतरी जपून ठेवलेली सुपारी. मेमरीच्या पट्ट्यांची पितळी टोकं मी खोडरबरने घासली, पंख्याला शिवणयंत्राचं तेल दिलं, आणि भाजीच्या चाकूने स्क्रू फिरवला म्हणून आईची बोलणी खाल्ली. सहा आठवड्यांनी त्यातला एक सुरू झाला. त्याचा पंखा पीठगिरणीसारखा घरघरायचा आणि पडदा तापला की बैठकीत जळक्या धुळीचा वास पसरायचा. आज माझ्या मांडीवरचं यंत्र काम करतं की झोपलंय हे कळायला मला त्याला हात लावून पाहावं लागतं. त्या यंत्राचा विचार करतानाचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आई तिथून म्हणायची, "अडकलं वाटते तुह्यं." आणि ते खरंच अडकलेलं असायचं.

संगणक सुरू झाल्यावर तो अर्थातच बाबांचा झाला. आईने मॉनिटरसाठी क्रोशाचं झाकण विणलं, कारण घरात येणाऱ्या प्रत्येक मौल्यवान वस्तूला झाकण हवं असा तिचा नियम होता. आणि बाबा रोज संध्याकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसू लागले. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेचं काम त्यांच्याकडे होतं. विदर्भातून रेल्वेच्या, सरकारी नोकरीच्या निमित्ताने रायपुरात आलेली मराठी घरं कोणती, कुठून आली, आली तेव्हा कुठे राहिली, याची नोंद करायची असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. दोन वर्षं रविवारी स्कूटर काढून ते घरोघर गेले होते. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी चिवडा. ते सगळं वहीत, आणि वहीतून एका बोटाने संगणकात. एवढा जुना माणूस, विजेचं पंधरा वर्षांपूर्वीचं बिलसुद्धा टाकत नसे. पण संगणकावर त्यांची श्रद्धा नवख्या भक्तासारखी बसली. टाईप झाल्या तशा वह्या त्यांनी रद्दीत घातल्या. फ्लॉपीवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण एका पावसाळ्यात दोन फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. संगणकातली डिस्क मात्र लोखंडी होती. लोखंडाला काय होतं?

माझा जीव त्या नोंदींपेक्षा यंत्रात होता. बाजारपेठेत साहू भैयांचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली, विंडोजऐवजी संगणक चालवणाऱ्या लिनक्सची सीडी त्यांनी मला दिली. "ले जा दीदी, इधर तो कोई पूछता नहीं," ते म्हणाले. तिन्ही संगणकांतून दोन डिस्क चालू निघाल्या होत्या, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. एका डिस्कच्या लेबलवर मी बॉलपेनने ‘एक’ लिहिलं, ती बाबांची, विंडोजची. दुसरीवर ‘दोन’, ती माझी. माझ्या डिस्कवर मी लिनक्स बसवायची, बिघडवायची, पुन्हा बसवायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर जायची. त्यातलं निम्मं मला कळायचं नाही, पण कुणीतरी आपल्याला सगळं सांगतंय असं वाटायचं. त्या वयाच्या मुलीला घरात, कॉलेजात, मंडळात सगळं कोणी सांगत नसतं. हे आज सुचलेलं वाक्य आहे. तेव्हा मला एवढंच वाटायचं की मजा येते आहे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर मांडून पुजतात. विळी, शिवणयंत्र, बाबांचं पेन, स्कूटर. त्या वर्षी बाबा म्हणाले, "कंप्यूटर बी मांड."

"अख्खा?" मी विचारलं.

"देवापुढे अर्धा ठेवते का कोणी?"

मी डबा उघडून पुसत होतेच. मी गंमत म्हणून आतल्या वस्तूही पाटावर ओळीने मांडल्या: मेमरीच्या पट्ट्या, पंखा, दोन्ही डिस्क. बाबांना ते फार आवडलं. आईने सगळ्यांवर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि डिस्कच्या बाबतीत, जिथे पांढरा कागद दिसला तिथे, नीट मधोमध, ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. त्या दिवशी पुरणपोळी होती. यंत्राला दसऱ्यापर्यंत विश्रांती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा कार्यालयात गेल्यावर मी सगळं परत जोडायला बसले. दोन्ही लेबलांवर एकसारखे लाल डाग होते, आणि डागांखाली आकडे. मी पुसून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पण कुंकू पुसायचं माझ्या हातून होईना. उजवीकडची ‘दोन’, असं मला पक्कं आठवत होतं.

लिनक्सने मला विचारलं की ही अख्खी डिस्क पुसू का. अगदी सभ्यपणे विचारलं. मी हो म्हटलं. अर्ध्या तासाने यंत्र पुन्हा सुरू केलं तेव्हा पडद्यावर नुसतं लिनक्स होतं. मी दुसरी डिस्क तपासली. तिच्यावरही माझंच जुनं, बिघडलेलं लिनक्स होतं. घरात कुठेच बाबांचं काही नव्हतं.

स्मरणिकेचा मजकूर आठ दिवसांनी छापखान्यात द्यायचा होता; टायपिंग संपवून बाबा आता संध्याकाळी जाहिराती गोळा करत फिरत, म्हणून त्यांना कळलं नव्हतं. आणि मला राहून राहून एकच नाव आठवत होतं, देशकरकाकांचं. ते निवृत्त रेल्वे गार्ड; बाबांशी तीन रविवार बोलले होते आणि मग त्याच उन्हाळ्यात गेले. बाकीच्या घरी स्कूटर पुन्हा गेली असती. त्यांच्याकडे कशी जाणार?

साहू भैयांनी ऐकून घेतलं आणि आधी खळखळून हसले. "पूजा करके फार्मेट कर दिया!" मग माझा चेहरा पाहून त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "सुन. मिटा नहीं है सब. सूची मिटी है. जहाँ नया बैठ गया, वहाँ का गया. बाकी वैसा ही पड़ा है. उस डिस्क पे अब एक अक्षर मत लिखना. दूसरी से चालू कर, और इसको खाली पढ़."

"उससे मिल जाएगा, भैया?"

"हव, मिल जाही. पर पहचानेगी कैसे?"

त्यांचा प्रश्न मला घरी गेल्यावर कळला. माझ्या डिस्कवर लिनक्स पुन्हा नीट बसवून बाबांच्या डिस्कमधली सगळी अक्षरं मी बाहेर काढली, तर हजारो ओळी निघाल्या, आणि सगळ्या इंग्रजी. त्यांतल्या बऱ्याचशा यंत्राच्या स्वतःच्या होत्या, बाकीच्या निव्वळ बरळणं. बाबा ज्या फाँटमध्ये मराठी लिहीत, तो नुसता मुखवटा होता. आत इंग्रजी अक्षरंच असत. वरून देवनागरीचं चित्र चढवलेलं. मुखवटा विंडोजबरोबर गेला होता. छापखान्यात तो फाँट होता, पण छापखान्याचे मालक मंडळाचे खजिनदार होते, आणि इतकी रद्दी उपसून बघायला त्यांना सांगणं म्हणजे बाबांना सभेत सांगण्यासारखं होतं. मी दुपारभर त्या बरळण्याकडे पाहत बसले. आई अनारशाचं पीठ परातीत घेऊन चाळायला बैठकीत आली होती, कारण तिथे छताचा पंखा नव्हता लागलेला. ती चाळता चाळता थांबली.

"हे रायपूर आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"हे काय. जे, के, अर्धविराम, आय, डब्ल्यू, जे."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण तिची पिठाने माखलेली बोटं परातीच्या काठावर चालत होती, एकेक, न बघता. जे म्हणजे र. के म्हणजे काना. अर्धविरामावर य. "टायपरायटरवर असंच असते ना," ती म्हणाली. "हिंदी टायपरायटरवर. जिथं इंग्रजीचा जे, तिथंच हिंदीचा र. तुह्या बाबांच्या कंप्यूटरात बी तेच बसवलं दिसते."

आईने हिंदी टायपिंगची परीक्षा दिली होती हे मला माहीत होतं, जसं एखाद्या दूरच्या नातेवाइकाचं गाव माहीत असतं. लग्न होऊन रायपूरला आल्यावर ती दुपारच्या वेळी क्लासला जायची. पास झाली, एका कार्यालयातून बोलावणंही आलं. मग नाही जायचं असं ठरलं. कोणी ठरवलं हे ती कधी सांगत नसे. ‘ठरलं’ एवढंच म्हणायची, जणू ते आपोआप ठरलं होतं. संगणक घरात आल्यापासून झाकण आणि पूजेचं कुंकू सोडलं तर तिने त्याला हात लावला नव्हता.

मी तिला सगळं सांगितलं. कुंकवाचंसुद्धा. तिने चाळणी परातीत ठेवली. मग म्हणाली, "मी लावलं ना ते कुंकू. मग अर्धं मीच पुसलं." आणि हात धुवायला उठली. परत येऊन खुर्ची ओढून बसत म्हणाली, "एवढ्या हजार ओळी वाचत बसली तर दिवाळी निघून जाईल. तुह्या यंत्राले शोधता येते का?"

"येतं. पण काय शोधू?"

ती म्हणाली, "‘आहे’ शोध. आपल्या लोकायचं वाक्य आहेशिवाय संपते का कधी? व्ही, के, जी, एस."

मी ग्रेप नावाच्या आज्ञेला ती चार अक्षरं दिली. डिस्क घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली, आणि मग पडद्यावर एकेक ओळ यायला लागली. इतकी वर्षं झाली, मी पोटापाण्यासाठी असली यंत्रंच सांभाळत आले, मोठमोठ्या लोकांनी लिहिलेल्या आज्ञा वापरल्या. पण इतकी नेमकी खूण मला त्यानंतर कोणी दिली नाही.

चार दिवस आम्ही तेच केलं. बाबांची स्कूटर गल्लीच्या टोकाला वळली की आई मॉनिटरवरचं झाकण काढायची. ती वाचायची, मी ओळी उचलून क्रमाने लावायची. फ्लॉपीवर नेऊन छापखान्यात मुखवटा चढवला की पुन्हा मराठी होणार होतं. मधेच वीज जायची, की आम्ही अनारसे तळायला स्वयंपाकघरात. पहिल्या दिवशी आई अडखळत वाचत होती, तिसऱ्या दिवशी पेपर वाचावा तशी. सापडणाऱ्या गोष्टींना मात्र स्वतःची एक न्यायबुद्धी होती. मंत्र्यांचे शुभेच्छा संदेश सगळेच्या सगळे सापडले, आणि प्रत्येक अकरा-अकरा वेळा, कारण खातेबदल झाला की बाबांना मानापानाचा क्रम बदलावा लागे आणि ते दर वेळी नवी प्रत करून ठेवत. सगळ्यांना ‘हे वाचून अत्यंत आनंद झाला’ होता. अकरा वेळा. आई शेवटी म्हणाली, "यायले एवढा आनंद कायचा होते?" घरांच्या नोंदी मात्र एकेकदाच लिहिलेल्या होत्या. बऱ्याच निघाल्या, काहींच्या मधे भोकं होती, पाच-सहा पार गेल्या होत्या.

देशकरकाका चौथ्या दिवशी सापडले. आईने वाचायला सुरुवात केली आणि तिचा आवाज बदलला. "आम्ही आलो तेव्हा मराठी घर शोधायचे म्हणजे संध्याकाळी फोडणीचा वास घेत गल्लीतून फिरायचे. वास ओळखीचा वाटला की दार वाजवायचे. दोनदा चुकलो, पण जेवूनच आलो." ती हसली, मी हसले. गाड्यांबद्दल, दिव्यांबद्दल, पहिल्या भाड्याच्या खोलीबद्दल दीड पान होतं. मग, "माझी पत्नी मात्र येथे" आणि त्याच ओळीत पुढे, स्वच्छ इंग्रजीत, या प्रणालीच्या वापराने काही नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही. ती माझ्या लिनक्सची सूचना होती. मी तिला तिथे बसवलं होतं. त्यांच्या पत्नीला इथे काय वाटलं, ते मी पुसलं होतं. आणि ती बाई त्यांच्या आधीच गेलेली.

मी त्या दिवशी संध्याकाळी बाबांना सांगितलं. आई मागे उभी होती. "तूच सांग," एवढं ती आधी म्हणाली होती. बाबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. ते आरडाओरडा करतील अशी माझी तयारी होती. ते गॅलरीत गेले, खालच्या देवळातली आरती संपेपर्यंत उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "देशकर सापडले का?"

"अर्धे."

"आणि संदेश?"

"सगळे."

बाबांनी कपाळाला हात लावला. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "पण वाचलं कोणी?"

मी आईकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मला वाटतं, घरात इतकी वर्षं राहूनही त्यांनी तिच्याकडे असं फारदा पाहिलं नसावं. एखाद्या फाईलमध्ये आपल्याच सहीचा जुना कागद निघाल्यासारखं. "तुले आठवते ते?" ते म्हणाले.

"बोटायले आठवते," आई म्हणाली. "मले नाही आठवत."

देशकरांच्या मजकुरात काही भरायचं नाही, असं बाबांनी सांगितलं. वाक्य तुटलं तिथे तीन टिंबं. पण जी पाच-सहा घरं पूर्ण गेली होती त्यांच्याकडे ते पुन्हा जाऊन आले, आणि रविवारी सकाळी आईला समोर बसवून सांगू लागले. पोहे कढईतच राहिले. बाबा पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारत सांगायचे, आई टाईप करायची, आणि पडद्यावर उमटायचं ते बरळणं. फाँट नव्हताच. बाबा वाकून पाहायचे, चष्मा वर करायचे, खाली करायचे, आणि काही कळायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्याने टाईप केलेल्या प्रत्येक कागदावर लाल शाई चालवलेला माणूस.

"बरोबर आलं का?"

"आलं."

"वाचून दाखव."

ती वाचून दाखवायची. तिच्या बोटांचा आवाज मला अजून ऐकू येतो, पंख्याच्या घरघरीवर टकटक पडणारा, सारख्या अंतराने, त्याआधी घरात कधी न ऐकलेला. गेलेल्या घरांत शेवटचं आमचंच होतं. बाबांनी आपलं नाव सांगितलं, मूळ गाव सांगितलं, खातं सांगितलं, ‘राज्यस्तरीय’ विसरले नाहीत. "पत्नी गृहिणी," ते म्हणाले, "एक कन्या, शिक्षण सुरू." आई टाईप करत राहिली. आणखी थोडी करत राहिली.

"एवढं काय लिहून राहिली?"

"गृहिणीले वेळ लागते," आई म्हणाली. मान वर न करता. त्या वेळी वाचून दाखव असं बाबा म्हणाले नाहीत. पोहे थंड होत होते.

छापखान्यातून कच्च्या प्रती आल्या तेव्हा बाबांनी मंत्र्यांचे संदेश तीनदा तपासले, कारण कोणाचं नाव कोणाच्या खाली गेलं तर मंडळाने सरकारकडे मागितलेली जागा धोक्यात आली असती. घरांच्या नोंदी त्यांनी तपासल्या नाहीत. प्रकाशनाच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात झेंडूच्या माळा, सनईची कॅसेट, आणि पहिल्या रांगेत सोफे, ज्यांच्यावर अजून कोणी नव्हतं. मंत्री दोन तास उशिरा येणार असल्याचं दर अर्ध्या तासाने जाहीर होत होतं. स्मरणिका लाल फितीत बांधलेल्या, पण एक गठ्ठा दारामागे सुटा होता, आणि बाबांनी त्यातली एक आणली. आम्ही तिघं शेवटून तिसऱ्या रांगेत. त्यांनी आधी देशकरांचं पान काढलं, तीन टिंबांवर बोट ठेवून जरा वेळ बसले. मग सवयीने आपलं पान.

मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. नाव, गाव, राज्यस्तरीय खातं. त्याखाली: पत्नी हिंदी टायपिंग परीक्षा उत्तीर्ण, गती मिनिटाला चाळीस शब्द, नियुक्तीचे बोलावणे आले होते. एक कन्या, संगणक दुरुस्त करते.

बाबांनी ते दोनदा वाचलं. माईकवर पुन्हा कोणीतरी सांगितलं की माननीय निघालेले आहेत. बाबांनी पुस्तक मिटलं, आईकडे न बघता, समोरच्या रिकाम्या सोफ्यांकडे पाहत हळूच विचारलं, "चाळीस होते?"

"पंचेचाळीस," आई म्हणाली. "पण तुम्ही म्हटलं असतं, फेकून राहिली."